कडकमामांनी धुतलेला कोट

कडकमामांच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन बाळांपुढे घरातले सगळे हात अपुरे पडू लागले म्हणून मामी लेकीकडे गेल्या त्या दोन महिने तिकडेच राहिल्या, आणि इकडे लाँड्रीत मामा एकटे उरले. मामी इथे असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मामी स्वतः म्हणत. ते खोडून काढायला मामांकडे काही नव्हतं.

कडकमामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते कपड्याला स्टार्च असा घालत की शर्ट हँगरवरून काढला तरी खांदे पाडत नसे, म्हणून गल्लीने ते नाव ठेवलं. माणूस मात्र मऊ होता. फक्त एका बाबतीत त्यांचा हट्ट असे. त्यांचं म्हणणं, माणूस ओळखायचा तर त्याच्या कॉलरवरून.

"बाहेरून नाही," ते समजावून सांगत. "बाहेरून सगळेच स्वच्छ असतात. कॉलर उलटून आतली घडी बघायची. तिथे माणूस खोटं बोलू शकत नाही."

लाँड्रीत खिसे दोनदा तपासले जात. कपडा आला की काउंटरवर मामा तपासत आणि मशीनमध्ये टाकण्याआधी मामी. नाणी, तिकिटं, किल्ल्या, कुणाची चिठ्ठी, जे सापडेल ते एका छोट्या पाकिटात घालून कपड्याच्या नंबराबरोबर हँगरला टाचायचं. अडतीस वर्षांत या दुकानात कुणाच्या खिशातलं काही गेलं नव्हतं. एकदा तर एका गिऱ्हाइकाला स्वतःच विसरलेलं प्रेमपत्र इस्त्री करून परत मिळालं होतं. घरी त्याचे परिणाम काय झाले ते त्याने सांगितलं नाही, पण कपडे टाकायला तो पुढेही इथेच येत राहिला.

त्या वर्षी शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एक नवं ऑफिस उघडलं. काचेचं दार, आत दोन खुर्च्या, भिंतीवर पाटी: 'नाणेपेटी'. तिथे क्रिप्टोची नाणी ठेवत, म्हणजे जी हातात येत नाहीत पण वाढतात असं म्हणतात ती नाणी. आपण पैसे द्यायचे, त्यांनी त्याची नाणी घेऊन आपल्या नावाने पेटीत ठेवायची, आणि मोबाईलवर रोज आकडा बघायचा. ऑफिस सांभाळणारा तिशीतला एकटा माणूस. सगळे त्याला साहेब म्हणत. पहिल्याच आठवड्यात साहेब सात शर्ट घेऊन लाँड्रीत आले.

मामांनी सातही कॉलरी उलटून पाहिल्या आणि चष्मा काढून पुसला.

"काय झालं, मामा? डाग राहिलाय का?"

"नाही साहेब. डागच नाही. लग्न झालंय का तुमचं?"

"नाही अजून."

"म्हणजे कॉलर तुम्ही स्वतः घासता."

"हो. सवय आहे."

मामांना माणूस तिथेच पटला. साहेबांच्या खिशातही कधी काही निघत नसे, सुटं नाणंसुद्धा नाही. महिनाभर मामांनी ते खिसे नेमाने तपासले. मग नुसते वरून चाचपायला लागले. दुसऱ्या महिन्यात चाचपणंही सोडलं, कारण ज्या माणसावर आपला विश्वास आहे त्याच्या खिशात हात घालायचा म्हणजे त्यांना अपमान केल्यासारखं वाटू लागलं.

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. पंचाहत्तरीच्या, एकट्या, समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून उभं राहून गुडघे गेले होते. त्याच इमारतीत तळमजल्याची एक खोली विकायला निघणार होती आणि आक्कांची सगळी पुंजी त्या खोलीसाठी राखलेली होती. थोडी कमी पडत होती, एवढंच. एक दिवस जिन्यावर तीनदा थांबत त्या खाली आल्या आणि लाँड्रीच्या बाकावर बसल्या.

"धाकट्या, त्या पेटीवाल्याकडे ठेवू का रे? बँकेपेक्षा लवकर वाढतं म्हणतात. मला त्यातलं कळत नाही. तुला कळतं का?"

"मलाही नाही कळत."

"मग?"

"पण माणूस कळतो. मी त्याच्या कॉलरी बघितल्यात, आक्का."

आक्कांनी दुसऱ्या दिवशी पुंजी नाणेपेटीत ठेवली. आदल्या दिवशी दोघांचं बोलणं चाललं तेव्हा बाकावर निवृत्त पोस्टमन पेपर वाचत बसले होते. मामा त्यांना पोस्टमास्तर म्हणत, कारण नोकरीत ते पद त्यांना मिळालं नव्हतं. त्यांनी हे ऐकलं आणि आपले ठेवले. त्यांचं बघून बेकरीवाल्या बाईंनी ठेवले. मग गल्लीत कुणी कुणाला विचारेनासं झालं. जो तो म्हणे, "कडकमामांनी बघितलाय माणूस." मामांनी स्वतःचेही थोडे ठेवले आणि मामींना फोनवर सांगितलं नाही.

मामी रविवारी परत आल्या. सोमवारी सकाळी नाणेपेटीच्या काचेवर कागद लागला: 'काही तांत्रिक कारणामुळे पैसे काढण्याची सोय तात्पुरती बंद आहे. आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.'

पोस्टमननी तो उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि सरळ लाँड्रीत आले.

"कडकराव, हे आभार कसले मानतायत?"

"असेल काही मशीनचं. आमचं नाही का बिघडत?"

"तुमचं बिघडतं तेव्हा तुम्ही शर्ट परत देता. ओला देता, पण देता."

नऊ वाजेपर्यंत बाक भरला. नाणेपेटीचं दार आतून बंद होतं आणि दाराला तोंड नव्हतं. लाँड्रीचं दार उघडं होतं, आत बसायला बाक होता आणि शब्द देणारा माणूस समोरच उभा होता. लोक तिथेच आले. कुणी आरडाओरडा केला नाही. नुसते बसून मामांकडे बघत राहिले, आणि त्या बघण्याने मामांच्या हातातली इस्त्री एका टेबलक्लॉथवर नको तितका वेळ थांबली.

मामींनी इस्त्री उचलली, कापडाकडे पाहिलं, मग माणसांकडे पाहिलं.

"हे सगळे कपडे घ्यायला आलेत?"

"नाही," मामा म्हणाले.

मामींनी मग पोस्टमनना विचारलं. पोस्टमननी सगळं अथपासून सांगितलं. कॉलरीचं त्यांनी विशेष सावकाश सांगितलं.

"मी दोन महिने घर सोडून गेले," मामी म्हणाल्या, "तेवढ्यात तुम्ही अख्खी गल्ली नेऊन त्याच्या पेटीत ठेवलीत?"

"अगं, मी फक्त माणूस चांगला आहे म्हणालो."

"वन्संचेही?"

मामा टेबलक्लॉथची घडी घालू लागले.

"खोलीचे?"

मामांनी एप्रन काढून खुंटीला लावला आणि शेजारच्या इमारतीच्या मागच्या दाराने नाणेपेटीत गेले.

साहेब आत होते. टेबलाचे सगळे खण उपसून जमिनीवर, खुर्च्यांवर पालथे घातलेले. मामांची नजर सवयीने कॉलरीवर गेली. तीन दिवसांचा मळ होता.

"साहेब, पैसे गेले का?"

"नाही मामा. पैसे आहेत. सगळे आहेत. पण हात पोचत नाही."

मग साहेबांनी सांगितलं. पेटी उघडायला चोवीस शब्द लागतात. साधे शब्द, घोडा, शिडी, लोणी असे, पण ठरलेल्या क्रमाने. ते शब्द एका कागदावर लिहिलेले होते. कागद हरवला होता.

"कुलूपवाला बोलावला तर?"

"कुलूपवाल्याचं काम नाही हे. जगात कुणालाच उघडता येत नाही."

"मालकांना?"

"त्यांनाही नाही. त्यांनीच मला सांगितलं होतं, कागद जप."

"एकच कागद होता?"

"दोन होते. दोन असले की चोरीचा धोका दुप्पट होतो म्हणून एक मी फाडला."

मामांना बसावंसं वाटलं, पण दोन्ही खुर्च्यांवर खण होते. "मग लोकांना काय सांगणार? माझी बहीण तिथे बसलेली असेल आता."

साहेबांनी मान खाली घालून एक जाडजूड करारपत्र पुढे सरकवलं. "एकतिसावं पान, मामा. गेलेल्या ठेवीला कंपनी जबाबदार नाही. सगळ्यांनी सही केलीय."

"छापलं म्हणजे झालं? माणसाने जबाबदारी घ्यायची का कागदाने?"

साहेबांनी शर्टाच्या खिशातून लाँड्रीची पावती काढली आणि उलटी करून मामांसमोर धरली. मागे बारीक अक्षरात होतं: 'हरवलेल्या, फाटलेल्या, रंग गेलेल्या कपड्यास दुकान जबाबदार राहणार नाही.'

"हे तुमचंच ना?"

मामांना पावतीच्या मागे काही छापलेलं असतं हेच माहीत नव्हतं. "ते छापखानेवाला आपण होऊन छापतो. मी कधी पाळलं नाही. मागच्या वर्षी कुणाचे पडदे आटले तर मी नवे शिवून दिले." बोलताबोलता त्यांनी पावती सुलट केली. गुरुवारची होती. एक नग, राखाडी सुती कोट, तातडीने.

"कोट नेला नाहीत अजून," मामा म्हणाले.

साहेबांचा चेहरा आधीच उतरलेला होता, आता रंगही गेला.

"गुरुवारी तपासनीस आले होते," ते हळू म्हणाले. "बाहेरचं माणूस ऑफिसात असताना कागद तिजोरीत ठेवायचा नाही असा नियम आहे. सुरक्षेसाठी. म्हणून मी तो अंगावर ठेवला. मग तपासनिसाच्या हातून माझ्या कोटावर चहा सांडला."

"कुठल्या खिशात?"

"आतल्या."

दोघे लाँड्रीच्या मागच्या दाराने आत गेले. कोट रांगेत टांगलेला होता, कडक, दोन्ही बाह्या जरा पुढे आलेल्या, कुणाची तरी वाट बघत उभा असल्यासारखा. हँगरला पाकीट टाचलेलं नव्हतं. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा धुतलेल्या कपड्याचा खिसा तपासला. बोटांना काहीतरी लागलं, सुपारीएवढं आणि तितकंच टणक. बाहेर काढलं. कागद होता. पाण्यातून निघून, पिळून, वर मामांच्या हातचा स्टार्च पिऊन त्याचा खडा झाला होता.

मामांना तो गुरुवार आठवला. कोट काउंटरवर आला, साहेब म्हणाले "जरा तातडीने", आणि आपण म्हणालो "चिंता सोडा". खिशात हात घातला नाही. विश्वास होता म्हणून घातला नाही. दुसरा हात घालणारी बाई त्या दिवशी नातवंडांचे लंगोट धूत होती.

साहेबांनी मागचं दार ओढून घेतलं आणि कुजबुजले, "मामा, ऐका. तुम्ही काही बोलू नका, मीही नाही बोलणार. कोटात ठेवला होता हे कळलं तर माझी नोकरी जाईल. धुतला कुणी हे कळलं तर तुमचं दुकान. कंपनी जाहीर करेल की बाहेरून हल्ला झाला. सगळीकडे तसंच करतात."

"हल्ला कुणी केला म्हणून सांगतात?"

"अज्ञात इसमाने."

मामांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला स्टार्च वाळून पांढरा झाला होता. अज्ञात इसम व्हायला काहीच लागत नव्हतं. पडदा सरकवून पुढे जायचं, खांदे उडवायचे, आणि बाकावरच्या माणसांबरोबर आपणही फसलो म्हणून सांगायचं. खोटंही फार नव्हतं. त्यांचेही पैसे होतेच की पेटीत.

पडदा सरकवून ते पुढे गेले. आक्का आल्या होत्या. तीन मजले उतरून धाप लागलेली, हात गुडघ्यांवर.

"धाकट्या," त्या म्हणाल्या, "खोलीवाल्याला पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचंय. एवढंच सांग. माझी खोली गेली का?"

मामांनी तोंड उघडलं. अज्ञात इसम जिभेच्या टोकावर होता.

"आक्का, पेटीच्या किल्लीचा कागद साहेबांच्या कोटात होता. कोट मी धुतला. खिसा बघितला नाही." मग तेवढ्याने पुरं होत नाही असं वाटून त्यांनी जोडलं, "वर स्टार्च घातला."

बाकावर कुणी हललं नाही. पडद्याच्या फटीतून साहेबांनी डोळे मिटून घेतलेले दिसत होते.

"धुतलात?" पोस्टमन म्हणाले. "अडतीस वर्षं अख्ख्या गल्लीचे खिसे चिवडता आणि नेमका आमच्या पैशांचा सोडलात?"

"हो."

"तो का?"

"विश्वास होता म्हणून."

"आमच्या खिशांवर नाही होय?" बेकरीवाल्या बाईंनी विचारलं.

मामी तोवर पुढे आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तळहातावरून तो खडा उचलला, उजेडात धरला, नखाने टोकरला.

"हा तुमच्याच स्टार्चने चिकटलाय," त्या म्हणाल्या. "स्टार्च वाफेने सुटतो. उभे काय राहिलात? किटली ठेवा."

मग लाँड्रीच्या मोठ्या टेबलावर काम सुरू झालं. मामांनी खडा जाळीच्या गाळणीत ठेवून वाफेवर धरला. जरा मऊ झाला की मामी भुवया कोरायच्या चिमट्याने एक पापुद्रा सोडवत. लोक बाक सोडून टेबलाभोवती आले. रस्त्याने जाणारे दोघेतिघे थांबले. एकाने विचारलं, काय चाललंय.

"आमचे पैसे वाफवतायत," पोस्टमननी सांगितलं.

"श्वास आवरा," मामी म्हणाल्या. "उडाला तर तुमचाच उडेल."

कागद चार घड्यांचा होता. पहिली घडी उघडायला तास गेला. बॉलपेनने लिहिलेलं होतं हे नशीब, शाईचं असतं तर कोटावर निळा डाग आणि हातात कोरा लगदा राहिला असता. दुपार होईपर्यंत कागद पांढऱ्या चादरीवर पसरला, दोन ठिकाणी फाटलेला, एका कोपऱ्याचा चोथा झालेला. मामांनी वर पातळ मलमल घालून सगळ्यात मंद इस्त्री फिरवली. त्यांचा हात आयुष्यात इतका हलका फिरला नव्हता.

साहेबांनी मोजलं. एकवीस शब्द सरळ वाचता येत होते. तीन नव्हते.

"मग एकवीसवर उघडेल की," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "बारा पावांत एक करपला तर मी अकरा देतेच ना?"

"नाही उघडणार. एक कमी असेल तर मशीन एकेक शब्द लावून बघू शकतं, यादी ठरलेली असते. तीन म्हणजे कठीण आहे."

"बाजूला व्हा," पोस्टमन म्हणाले. त्यांनी चष्मा वर सरकवला, टेबलावरचा दिवा उचलून कागदाच्या कडेला आडवा धरला आणि गाल जवळजवळ चादरीला टेकवला. "चौतीस वर्षं पावसात भिजलेले पत्ते वाचलेत मी. शाई जाते, पण पेनाचा दाब जात नाही. हे बघा. इथे वर मात्रा दिली असावी तसा ओरखडा आहे. साहेब, जोर लावून लिहिता तुम्ही."

"मालक म्हणाले होते, नीट लिही."

पोस्टमननी अर्धा तास घेतला. या काळात कुणीतरी 'छत्री असेल' म्हणालं, कुणी 'कासव', आणि बेकरीवाल्या बाईंनी तर यादीत पाव नसेलच कसा म्हणून वाद घातला. शेवटी ते उठले. पाठ धरून उभे राहत त्यांनी दोन शब्द सांगितले. तिसरा चोथा झालेल्या कोपऱ्यातला होता. तिथे कागदच नव्हता.

साहेबांनी तेवीस शब्द आणि एक मोकळी जागा मशीनला दिली. सगळे नाणेपेटीच्या दारात उभे राहिले. आक्कांना कुणीतरी खण बाजूला करून खुर्ची दिली. मशीन वीसेक मिनिटं आपल्याशी पुटपुटत राहिलं. मग साहेबांनी टेबलावर डोकं टेकलं, आणि ते रडतायत का हसतायत हे मामांना कळेना. ते म्हणाले, "उघडली."

पेटीत सगळं होतं. त्याच आठवड्यात एकूण एक माणसाने आपलं काढून घेतलं. आक्कांनी तळमजल्याची खोली घेतली. थोडी रक्कम कमी पडत होती ती मामांनी घातली, यावर मामींनी एक शब्द काढला नाही. नाणेपेटीत ठेवायला काही राहिलं नाही तेव्हा कंपनीने ऑफिस बंद केलं. साहेबांना दुसऱ्या गावी फर्निचरच्या दुकानात हिशेबनीस म्हणून काम मिळालं. जाण्याआधी ते कोट न्यायला आले, पैसे देऊ लागले. मामांनी घेतले नाहीत. साहेब गेल्यावर मामींनी विचारलं, "कॉलर बघितलीत का?" मामा म्हणाले, "नाही."

खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मामा कुणाचीच कॉलर बघत नव्हते. मान वर करून माणसांकडेही फारसं बघत नव्हते. पैसे परत मिळाले होते, कुणी टोचून बोलत नव्हतं, पण कपडे यायचे कमी झाले होते. पुढच्या चौकातल्या लाँड्रीत जाणारी पिशवी आपल्या दारावरून जाताना जरा झाकून नेली जाते, हे त्यांना दिसे. जे थोडे लोक येत ते कपडे देण्याआधी आपले खिसे स्वतः काउंटरवर उलटे करून दाखवत. मामा म्हणत, "बरं." पूर्वी ते अशा वेळी काहीतरी गंमत करत.

असे दोन महिने गेले. एक दिवस आक्का आल्या. आता उतरायला जिना नव्हता, त्यामुळे चालत, न थांबता आल्या. दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती, पोस्टमनही होते. आक्कांनी काउंटरवर एक चिकटवलेलं पाकीट ठेवलं.

"धाकट्या, हे सांभाळ."

"काय आहे?"

"ते विचारायचं नाही. माझ्याकडे आहे तेवढं महत्त्वाचं यात आहे. बँकेत नको, कुणाच्या पेटीत नको. तुझ्याकडे राहू दे. मी गेल्यावर तूच उघड."

"आक्का, माझ्याकडे? मी काय केलं ते विसरलीस?"

"नाही विसरले. तू केलंस आणि सांगितलंस. तू सांगितलं नसतंस तर आम्हाला कोण सांगणार होतं?" मग चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात, "नंबर घाल त्यावर. पावती दे मला."

मामांनी नंबर घातला. एक. पावती लिहिली, उलटी केली, मागची बारीक ओळ पेनाने खोडली आणि आक्कांना दिली. पाकीट सगळ्यात वरच्या दांडीवर एका हँगरला टाचलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आपलं मृत्युपत्र घेऊन आले. तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्या बाईंनी आईची अंगठी आणली. मग घरांच्या जास्तीच्या किल्ल्या आल्या, जन्माचे दाखले आले, एका माणसाने बायकोपासून लपवलेलं काहीतरी आणलं आणि आठवड्याभराने त्याच्या बायकोने त्याच्यापासून लपवलेलं. दोन्ही पाकिटं शेजारशेजारच्या हँगरवर टांगली गेली. पाकिटांमागे कपडेही परत आले. वर्षाच्या आत वरच्या दांडीवर त्रेचाळीस पाकिटं झाली आणि मामांना दुकान सोडून कुठे जाता येईना. जुळ्यांच्या पहिल्या वाढदिवसाला मामी एकट्याच गेल्या.

"चला म्हटलं तर," त्यांनी लेकीला सांगितलं, "म्हणे गल्ली कुणावर टाकू."

आक्कांचं पाकीट मामांनी सहा वर्षं सांभाळलं. दर महिन्याला ते उतरवून धूळ झटकत आणि परत टांगत. पावसाळ्यात त्याला प्लास्टिक घालत. आत काय असेल याचा विचार ते करत, पण उजेडात धरून त्यांनी कधी पाहिलं नाही. आक्का गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मामींच्या आणि पोस्टमनच्या समोर उघडलं.

आत काही नव्हतं.

मामांनी पाकीट उलटं करून टेबलावर आपटलं. पोस्टमननी दिवा आडवा धरून आतली बाजूसुद्धा बघितली, कुठे पेनाचा दाब दिसतो का म्हणून. कोरी होती.

"पडलं असेल का कुठे?" मामा म्हणाले. "मी हरवलं का काही तिचं?"

"नाही हो," मामी म्हणाल्या. "रिकामंच होतं. माझ्यासमोरच चिकटवलं होतं वन्संनी. खळ मीच दिली होती."

"आणि सहा वर्षं मला बोलली नाहीस?"

"नको म्हणाल्या होत्या."

मामांनी मामींकडे पाकिटासाठी खळ मागितली. मग त्यांनी ते पुन्हा नीट घडी घालून चिकटवलं, स्टुलावर चढले आणि पहिल्या नंबरच्या हँगरला परत टाचलं. खाली उतरून ठेवींची वही उघडली. पहिल्या ओळीत आक्कांच्या नावापुढे 'परत केले' असं लिहायची जागा मोकळी होती. ती त्यांनी मोकळीच ठेवली आणि खाली एक ओळ लिहिली:

आक्का फेब्रुवारीच्या बावीस तारखेला, बुधवारी सकाळी पावणेनऊला, तळमजल्याच्या खोलीत वारल्या. वय एक्क्याऐंशी.